सही कुणाची? आईचीच!

भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून उत्तनच्या दिशेने निघाले की चौक गाव लागते. समोर समुद्र, जवळच धारावी किल्ल्याचे अवशेष, हवेत सुकत्या बोंबलांचा वास. गाव मुख्यतः कोळी बांधवांचे. त्यांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांतून राहणारी आपली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही चार-पाच कार्यकर्ते अशाच एका घरी बुद्धवंदनेला गेलो होतो. वंदना झाली, चहा झाला, पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर गेली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक भगिनी हळूच बोलू लागली.

ती चार घरची धुणीभांडी करते. पदरी दोन मुले. तिसऱ्यांदा दिवस गेले, दोन महिने झाले. पहिल्या दोन बाळंतपणांतच अंगात रक्त उरले नाही, हे मूल तिला नको. एका दवाखान्यात ती गेली, तर तिला सांगितले गेले, "नवऱ्याची सही आणा." नवरा कामासाठी परगावी. सासूला सांगायची चोरी. ती म्हणाली, "दादा, दुखणं माझं, मग सही त्यांची का?"

आम्ही कारकुनी करून पोट भरणारी माणसे. सहीवाचून कागद पुढे सरकत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक. पण कायदा काय सांगतो? गर्भपाताचा कायदा 1971 साली झाला. त्यात 18 वर्षे पूर्ण झालेल्या, मनाने सक्षम अशा स्त्रीची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात आणि ती सवलत बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित अशा ठरावीक स्त्रियांना आहे. अविवाहितेलाही त्यातून वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी दिला. साधन वापरूनही गर्भ राहिला, तर तेही कारण धरले जाते. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

एवढे ऐकून एक वयस्कर उपासिका म्हणाल्या, "पण बाबा, पहिल्या शीलाचं काय? जीवाची हत्या करू नये म्हणतो ना आपण?"

प्रश्न खरा होता, तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, आई, शील हे स्वतः पाळायचे असते, दुसऱ्याच्या पाठीवर मारायचा तो आसूड नव्हे. ज्या धम्मात करुणा आहे, त्याने आधी समोरच्या आईकडे पाहावे. आणि असा प्रसंगच येऊ नये म्हणून वेळीच साधने पुरवावीत. बाबासाहेबांनी तरी दुसरे काय मागितले होते?

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? 28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. 1934 मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकावरून खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले.

आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची पुरेशी सोय लोकांना करून द्यावी, ही मागणी. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलाला तो कधी तयार झाला नसता, असा सडेतोड सवाल त्यात आहे. ठराव फेटाळला गेला. पण रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली होती. हा माणूस ऐकीव दुःखावर बोलत नव्हता.

त्या ठरावात प्रचार होता, सोय होती, शिक्षा नव्हती. पुढे काय झाले? आणीबाणीत, 1976 मध्ये, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झालेल्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत अपात्र ठरवणारा नियम आला. मूल किती हे जिला घरात कुणी विचारलेच नाही, तीच बाई राखीव जागेला अपात्र! हा कुठला न्याय?

दुसरीकडे याच राज्याने 1988 मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. म्हणजे मनात आणले तर विधिमंडळ आईच्या आणि लेकीच्या बाजूनेही उभे राहू शकते. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे हा गुन्हाच आहे, त्याची आणि आपल्या भगिनीच्या प्रश्नाची गल्लत कुणी करू नये.

कागदावरच्या सवलती आपल्या घरांपर्यंत पोचतात का? प्रसूती रजा 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली, पण ती मोठ्या आस्थापनेतल्या बाईला. धुणीभांडी करणारीला कोण देणार? तिच्यासाठी महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आधी नाव नोंदवावे लागते. त्या बैठकीतल्या बायकांपैकी एकीचेही नाव नोंदलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी भगिनी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथे डॉक्टरांनी तिचे म्हणणे ऐकले, तपासले आणि सही तिचीच घेतली. पुढे काय ठरले ते तिचे तिला ठाऊक. आम्ही विचारले नाही, तुम्हीही विचारू नका.

आता दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यायचे आम्ही ठरवले आहे. नोंदणीचे अर्ज आम्ही भरून देऊ. आपापल्या विहारात तुम्हीही हे सुरू करा. आणि मत मागायला उमेदवार दारात येईल, तेव्हा त्याला विचारा, आमच्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाचे काय?

जयभीम!