अंगावर येणारा कोंबडा आणि मारकी गुरे



विठ्ठलवाडी म्हटले की लोकांना कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले रेल्वे स्टेशन आठवते. गर्दी, रिक्षा, इमारती! पण मलंगगडाच्या बाजूच्या गावांकडे गेले की अजून दारात कोंबड्या चरताना दिसतात, गोठ्यात म्हशी दिसतात. जिथे जनावर आहे, तिथे एखादे खोडकर जनावरही असतेच. कुणाचा कोंबडा अंगावर धावतो, कुणाची गाय मारकी, कुणाचा बोकड ढुशा देतो. मोठी माणसे हसून सोडून देतात. पण उडी मारलेल्या कोंबड्याचे पाय लहान मुलाच्या तोंडापर्यंत पोचतात. डोळ्याला लागले तर जन्माचे नुकसान होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

कोंबडा का मारतो?

कोंबडा हा आपल्या कोंबड्यांचा राखणदार आहे. दाणा सापडला की तो स्वतः न खाता आधी कॉक-कॉक करून कोंबड्यांना बोलावतो, हे तुम्ही पाहिले असेल. घार दिसली की ओरडून सावध करतो. कोंबडा चार-सहा महिन्यांचा झाला, वयात आला, की त्याच्या अंगी ही राखणदारी येते. मग मांजर असो, दुसरा कोंबडा असो की दप्तर घेतलेला मुलगा असो, त्याला सगळे सारखेच परके.

शिवाय कोंबड्यांच्या कळपात पायऱ्या असतात. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी गप्प बाजूला व्हायचे, हे ठरलेले असते. नॉर्वे देशातील श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या शास्त्रज्ञाला लहानपणापासून कोंबड्या पाहत बसण्याचा नाद होता. त्याने त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९२२ साली हा टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला. पुढे इतर प्राण्यांतही असे क्रम असल्याचे शास्त्रज्ञांना दिसले. बघा, अंगणातल्या कोंबड्या पाहूनसुद्धा शोध लागतो!

आता ध्यानात घ्या. आपण कोंबड्याला पाहून पळालो की त्याला वाटते, हा आपल्या खालच्या पायरीवरचा. उद्या तो पुन्हा धावणार. आणि लाथ मारली की त्याला वाटते, हा दुसरा कोंबडाच आहे, लढायला आलाय. मग तर तो जास्तच चिडतो. म्हणजे पळणेही चुकीचे आणि मारणेही चुकीचे.

तो आधी सांगतो

कोंबडा सहसा एकदम उडी घेत नाही. आधी तो मानेची पिसे फुलवतो. एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचत येतो. मान खाली घालून जमिनीवर खोटेच टोचतो, पण एक डोळा आपल्यावर असतो. एवढे दिसले की समजावे, हा आता येणार. मारताना तो दोन्ही पाय पुढे करून उडी घेतो. त्याच्या पायाच्या मागच्या बाजूला काट्यासारखे टोकदार हाड असते, ते वयाबरोबर वाढत जाते. खरी जखम त्यानेच होते.

अशा वेळी काय करावे?

१. जागीच उभे राहावे. खाली वाकू नये, तोंड त्याच्या जवळ नेऊ नये.
२. दप्तर, छत्री, टोपली, जे हातात असेल ते मध्ये धरावे. मारायला नव्हे, आड धरायला.
३. त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरकावे. पाठ फिरवून पळू नये.
४. दगड मारू नये, चिडवू नये. आज मजा वाटते, पण उद्या तोच कोंबडा दुसऱ्या एखाद्या लहान पोरावर धावतो.

मालकाने काय करावे? अंधार पडला की कोंबड्याला नीट दिसत नाही आणि तो शांत होतो, म्हणून पकडायचे ते तेव्हा पकडावे. दिवसा पकडून, पंख दाबून काखेत धरावा आणि तडफड थांबेपर्यंत फिरवावा. रोज असे केले की बरेच कोंबडे निवळतात. पायाच्या काट्याचे फक्त टोक बोथट करावे. मुळाशी कापू नये, रक्त येते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. थोड्या कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले की रोज भांडण होते.

मुद्दाम लढाऊ केलेला कोंबडा मात्र फार वाईट. झुंजीसाठी त्याच्या पायाला पाते बांधतात. २०२१ च्या फेब्रुवारीत तेलंगणातील लोथुनूर गावी असेच पाते लागून कोंबड्याचा मालकच मरण पावला. झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिथे दोष कोंबड्याचा नव्हता, पाते बांधणाऱ्याचा होता.

गाय, बैल, म्हैस

लाल कपडा पाहून बैल उधळतो, असे आपण ऐकतो. पण गुरांना लाल रंग आपल्यासारखा ओळखूच येत नाही. बैल बुजतो तो कपड्याच्या हालण्याने, मग रंग कोणताही असो. गुरांचे डोळे बाजूंना असतात, त्यामुळे ठीक पाठीमागचे त्यांना दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नये. हाक मारत, खांद्याच्या बाजूने जावे. मान खाली, पायाने माती उकरणे, फुसफुसणे ही बैलाची सूचना समजावी आणि तिथून सरकावे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावायला तर मुळीच जाऊ नये. आई ती आईच.

एरवी गरीब असलेली म्हैस अचानक लाथ मारू लागली, तर तिला काठी घालू नका. आधी कास पाहा. कास सुजलेली असते, सडाला चीर पडलेली असते, दूध काढताना कळ येते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले की लाथ आपोआप थांबते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, तिथे गुरांचा मोठा बाजार असतो. अशा बाजारात जाणता शेतकरी बैलाचे दात पाहतो, तसा पाठीवरून हात फिरवून तो बुजतो का, तेही पाहतो.

बोकडाचे तर आपणच बिघडवतो! करडू लहान असताना मुले त्याच्या कपाळाला हात लावून ढकलतात. त्याला तो खेळ वाटतो. मोठा झाल्यावर तोच खेळ तो शिंगांनी खेळतो. करडाला कपाळावर नव्हे, मानेखाली खाजवावे.

ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे बांधण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालण्याचा कायदा १८७१ सालचा आहे, आणि ते सोडवायला मालकाला पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा दावे मजबूत ठेवणे स्वस्त!

जखम झाली तर

कोंबड्याची जखम छोटी दिसते, पण खोल असते. मातीशेणामुळे धनुर्वात होऊ शकतो. साबण-पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे. डोळ्याला लागले तर चोळू नये, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे. कुत्रा चावला तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. आणि एखादी गाय-म्हैस एकाएकी लाळ गाळू लागली, विचित्र ओरडू लागली, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. तिलाही पिसाळलेला कुत्रा चावलेला असू शकतो. डॉक्टरांना बोलवावे.

पालकांना एक विनंती. ज्यांचा कोंबडा अंगावर येतो, त्यांनी शाळा भरताना आणि सुटताना तेवढा वेळ त्याला डालग्याखाली झाकावा. बैल गेला अन् झोपा केला, असे नको. अशा जनावराबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगावे, आणि मुलांनी घरी येऊन तक्रार केली तर ती हसण्यावारी नेऊ नये.

— इयत्ता सातवी