१० किलो वजन वाचवायला लिथियम बॅटरी? गाडीला बसवण्याआधी हे वाचा

मोबाईलवर असे व्हिडिओ सध्या भरपूर दिसतात. गाडीची जड बॅटरी काढायची, एका हातात मावेल एवढी लिथियम बॅटरी बसवायची, सेल्फ मारला की गाडी चालू. 'वजन कमी, पिकअप जास्त' असं सांगतात. ते बघून गावातली पोरंही बाईकला, चारचाकीला अशी बॅटरी टाकायला निघालीत. काही जण तर फवारणी पंपाची लिथियम बॅटरीच बाईकला जोडतात. हे कुठे चालतं आणि कुठे अंगाशी येतं, ते समजून घेऊ.

ही कल्पना आली कुठून?

रेसिंगच्या गाड्यांमधून. तिथे एकेक किलो मोजला जातो. पोर्शे या जर्मन कंपनीने २०१० मध्ये ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडर या गाड्यांसाठी लिथियम बॅटरी द्यायला सुरुवात केली. वजन ६ किलोपेक्षा कमी, म्हणजे नेहमीच्या ६० एएच बॅटरीपेक्षा १० किलोहून जास्त हलकी. जर्मनीत किंमत होती १,९०४ युरो. त्या वेळच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास!

पण व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट पुढेच आहे. कंपनी गाडीसोबत साधी बॅटरीही देत होती. कारण शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम बॅटरीवर गाडी नीट चालू होण्याची खात्री नव्हती. शिवाय ९११ गाडीचं इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत असते, म्हणजे इंजिनच्या उष्णतेपासून लांब. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली इंजिनला खेटून असते. त्यात उन्हाळ्यात बाहेरच ४२-४३ अंश. उष्णतेने कुठल्याही बॅटरीचं आयुष्य घटतं, लिथियमचंसुद्धा.

एवढीशी बॅटरी गाडी चालू कशी करते?

गाडी चालू करायला शंभर-दोनशे अँपिअर करंट लागतो, पण दोन-तीन सेकंदच. म्हणजे एकूण वीज फार लागत नाही. चांगली लिथियम बॅटरी एका दमात खूप करंट देते. टाकी लहान, पण तोटी मोठी, असं समजा.

अडचण टाकी लहान असण्याचीच आहे. पोर्शेची ती बॅटरी १८ एएचची होती. तुमच्या गाडीला जीपीएस, अलार्म असं काही लावलं असेल आणि उभ्या गाडीत ५० मिलिअँपिअर करंट खर्च होत असेल, तर दिवसाला १.२ एएच जातात. १८ एएचची बॅटरी १५ दिवसांत रिकामी. ६० एएचची हिशोबाने ५० दिवस पुरते. रानात गाडी बंद करून टेप वाजवायचा, लाइट लावून माल भरायचा, असं काम असेल तर लहान बॅटरी लगेच उतरणार.

खरा धोका कुठे?

धोका चुकीची बॅटरी जोडण्यात आहे. लिथियम बॅटऱ्या सगळ्या सारख्या नसतात. गाडीला चालते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. तिच्यात ३.२ व्होल्टचे ४ सेल असतात, एकूण १२.८ व्होल्ट. गाडीचा अल्टरनेटर साधारण १४ ते १४.५ व्होल्ट देतो, तो तिला चालतो.

फवारणी पंपाच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांत ३ सेल असतात. त्या १२.६ व्होल्टला फुल होतात. ती बॅटरी बाईकला जोडली की गाडी तिला फुल झाल्यावरही चार्ज करत राहते. बॅटरी तापते, फुगते, पेट घेऊ शकते. बाईक रात्री ओसरीत किंवा गोठ्याजवळ उभी असते, हे लक्षात घ्या. म्हणून पंपाची, लॅपटॉपची किंवा सुटे सेल जोडून घरी बनवलेली बॅटरी गाडीला लावू नका.

घ्यायचीच असेल तर हे तपासा

१. बॅटरी एलएफपी आहे आणि तुमच्या गाडीला सेल्फसाठी चालेल, असं कंपनीने लिहून दिलंय का? आत बीएमएस पाहिजेच. हे सर्किट जास्त चार्जिंग झालं किंवा बॅटरी फार उतरली तर पुरवठा तोडतं.

२. एएच नीट वाचा. काही बॅटऱ्यांवर 'पीबी ईक्यू' लिहून मोठा आकडा टाकतात. त्याचा अर्थ 'एवढ्या एएचच्या शिशाच्या बॅटरीचं काम करते'. खरे एएच त्याहून बरेच कमी असतात.

३. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. १३.८ ते १४.६ व्होल्ट दिसले तर ठीक. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर खराब आहे. आधी तो बदला. नाहीतर चालू गाडीत बीएमएसने पुरवठा तोडला, तर व्होल्टेज एकदम चढून गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू जळू शकतो.

४. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत बॅटरीवर सेन्सर असतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी टाका. वॉरंटी चालू असेल तर आधी शोरूमला विचारा.

५. लहान बॅटरी मोठ्या खोक्यात हलता कामा नये. पट्टी घट्ट पाहिजे आणि पॉझिटिव्ह टर्मिनलवर टोपण पाहिजे.

काढताना आधी निगेटिव्ह वायर काढा, बसवताना निगेटिव्ह शेवटी लावा. उलटं केलं आणि पान्हा बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. बॅटरी उतरली तर लिथियमसाठीचाच चार्जर वापरा. आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, उघडूही नका. धूर यायला लागला तर माणसं-जनावरं लांब न्या. तो धूर विषारी असतो. ११२ ला फोन करा.

मग आपल्याला फायदा किती?

युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. पिकअपमध्ये दीड टन माल भरणाऱ्याला १० किलोने ना मायलेज वाढतं, ना पिकअप. चारचाकीत एक माणूस कमी बसला तर याच्या पाच-सहा पट वजन कमी होतं. रेसच्या गाडीचं गणित वेगळं, आपलं वेगळं.

गाडी सकाळी चालू होत नाही म्हणून बॅटरी बदलायची असेल, तर आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी साफ करा, वायर घट्ट करा, बॉडीची अर्थिंग बघा. अनेकदा एवढ्यातच काम होतं. तरी नाही झालं तर मीटर लावून चार्जिंग तपासा, मग बॅटरीकडे बघा.

जुनी शिशाची बॅटरी दुकानदाराला परत द्या, त्याचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती कचऱ्यात टाकता येत नाही. शिसं काढायला घरी फोडू नका. ते ॲसिड आणि शिसं विहिरीच्या पाण्यात उतरलं तर अख्ख्या वस्तीला त्रास.

आणि गाडीचं वजन कमी करायचंच असेल, तर आधी डिकी उघडून बघा. जॅक आणि स्टेपनी सोडून बाकीचं काढा. त्यातच १० किलो निघतील, तेही फुकटात.