वस्तादाविना तालीम : एकट्याने किती, कशी?

यात्रा-जत्रांचे दिवस जवळ आले की मुळशी, मावळ, भोर, पुरंदरच्या वाड्यावस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. पहाटेच मळ्यात, खळ्याच्या कडेला एखादा पोरगा एकटाच जोर मारत असतो. अंगात रग आहे, घरात आजोबांपासून कुस्तीची आवड आहे, पण शिकवायला वस्ताद नाही. गावची तालीम कुठं पडकी, तर कुठं खताच्या पोत्यांनी भरलेली. मग खांबाला मोबाइल टेकवायचा आणि त्यात बघून डाव मारायचे!

पुण्यात चिंचेची तालीम आहे, गुलशे तालीम, गोकुळ वस्ताद तालीम आहे, कात्रजला मामासाहेब मोहोळांच्या नावाचे कुस्ती संकुल आहे. महाराष्ट्र केसरी सुरू करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते मामासाहेब मूळचे मुळशीतल्या मुठा गावचेच. पण पोराला पुण्यात ठेवायचे म्हणजे दूध, तूप, बदाम, राहणे, सगळेच आले. एकरभर भातावर ते प्रत्येकाला झेपत नाही. तेव्हा एकट्याने मेहनत करणारी पोरे राहणारच. त्यांना ‘करू नको’ म्हणून उपयोग नाही. काय करावे आणि काय करू नये, एवढे सांगायला हवे.

एकट्याच्या तालमीची आपल्याकडची सर्वांत मोठी युक्ती म्हणजे मल्लखांब, आणि तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आव्हान घेऊन आले. पेशव्यांच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी मुदत मागून घेतली, वणीला सप्तशृंगगडावर जाऊन मेहनत केली आणि परत येऊन कुस्ती मारली, अशी आख्यायिका आहे. माकडांच्या उड्या पाहून त्यांना मल्लखांब सुचला म्हणतात. वास्तविक बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. दादांनी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, असे म्हणणे बरोबर. गडावर तोलाचा गडी कुठून आणणार? लाकडाचा खांब हाच गडी. त्याला मिठी मारा, पायाची तेढी घाला, मान आवळा, तो थकत नाही आणि दुखावत नाही. मात्र आख्यायिकेतही एक गोष्ट ध्यानात घ्या. दादा गडावर गेले ते आधीच मुरलेले मल्ल होते. कोरा पोरगा आणि कोरा खांब, एवढ्यावर ते भागले नव्हते.

शरीर कमावण्याचे काम मात्र एकट्याला करता येते, आणि ते मोठे काम आहे. जोर, बैठका, दोर चढणे, पळणे, मुद्गल फिरवणे याला जोडीदार लागत नाही. सूर्यनमस्कार तर चित्रे पाहूनही शिकता येतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार केला, तेव्हा पुस्तकाचाच आधार घेतला होता. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून पुढे दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ काढला. म्हणजे बघून-वाचून शिकणे हे काही मोबाइलने आणलेले नाही. शेतातली मेहनत हाच व्यायाम, असे आपल्याकडे म्हणतात, ते निम्मेच खरे आहे. दिवसभर वाकून खुरपणाऱ्याची कंबर आधीच दुखावलेली असते. त्याच संध्याकाळी दोनशे बैठका मारल्या तर गुडघेही जातील.

डावाचे गणित वेगळे. ढाक, टांग, कलाजंग, धोबीपछाड यांत समोरच्याचा भार केव्हा कुठे गेला, हे अंगाला कळावे लागते, आणि हवेत डाव मारून ते कळत नाही. पवित्रा, पटाला शिरताना गुडघा टेकण्याची सवय, झाडाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती खांद्यावरून ओढणे, इथपर्यंत ठीक. मानेवरचा पूल मात्र कोणी शेजारी असल्याशिवाय करू नये. मान लचकली आणि मळ्यात हाक ऐकायला कोणी नसले, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. मल्लखांबावर उलटे होण्याचेही तसेच. खांब सागाचा किंवा शिसवाचा हवा, पक्का पुरलेला हवा, एरंडेल लावलेला हवा आणि खाली भुसभुशीत माती हवी.

मातीबद्दल दोन शब्द अधिक सांगतो, कारण तिथेच चुका होतात. हौदाला तांबडी, बारीक माती लागते. आपल्याकडची काळी माती वाळली की ढेकळे होतात आणि ओली झाली की अंगाला चिकटते. मुरूम कातडी सोलतो. माती चाळून खडे काढावेत, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मिसळावे, आणि रोज खोऱ्याने खालीवर करावी. हे खणणे हाच निम्मा व्यायाम. एकट्यासाठी दहा बाय दहा फुटांचा हौद पुरे. गोठ्याजवळची किंवा शेणखत मिसळलेली माती मुळीच वापरू नये. अशा मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि खरचटलेल्या कातडीतून ते आत जातात. हळद टाकली म्हणून ते मरत नाहीत. धनुर्वाताची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मातीत उतरण्याआधी ती घेतली आहे का, हे पालकांनी पाहावे. अंगावर नायटा दिसला तर बरा होईपर्यंत दुसऱ्याला हौदात घेऊ नये. झटपट अंग भरते म्हणून कोणी इंजेक्शन सुचवले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

राहिला वस्ताद. पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम होती आणि जोतिबा फुले त्यांच्याकडे शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्याच गावात उतारवयातला एखादा मल्ल ओट्यावर बसून असतो, त्याला कोणी विचारीत नाही. त्याने रोज यावे असे नाही. आठवड्यातून एक दिवस हौदाच्या कडेला बसून ‘कोपर आत घे, मान वर ठेव’ एवढे म्हटले, तरी पोराची सहा दिवसांची मेहनत वाया जाणार नाही. शेजारच्या दोन-तीन गावांतली एकटी पोरे त्या दिवशी एकत्र आणली, की जोडीचाही प्रश्न सुटतो.

सरपंच व ग्रामसेवकांनी पडक्या तालमीचा विषय ग्रामसभेत घ्यावा. व्यायामशाळेसाठी शासनाचे अनुदान असते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नियम व कागदपत्रे विचारून मगच प्रस्ताव करावा. आणि यात्रा कमिटीने जोड लावताना नुसती उंची न बघता वजनकाटा आणून ठेवावा. घरच्या घरी तयार झालेल्या पोराला पहिल्या वर्षी नारळाच्या कुस्तीत सोडावे. इनामाची कुस्ती पुढच्या वर्षी.