दिल्लीच्या बागेतला 'ग'

दिवाळीच्या तोंडावर दिल्लीतल्या कुठल्याही नर्सरीत शिरावं आणि काय काय आहे म्हणून माळ्याला विचारावं. गुलाब, गेंदा, गुलदाऊदी, ग्लॅडिओलसचे कंद अशी 'ग'ची यादी तो एका दमात म्हणून दाखवतो. आपला झेंडू इथे गेंदा, शेवंती गुलदाऊदी, जास्वंद गुडहल आणि तेरडा गुलमेहंदी. यातली बरीच नावं फारसी 'गुल'च्या घराण्यातली. बाबराने तर मुलींची नावंही गुलरंग, गुलचेहरा, गुलबदन अशी ठेवली होती. त्यातल्या गुलबदनने पुढे 'हुमायूंनामा' लिहिला.

दिल्लीची हवा मात्र फुलांचे फारसे लाड करणारी नाही. मे-जूनमध्ये पारा 45च्या घरात जातो, जानेवारीत रात्री चार-पाच अंशांवर उतरतो. अशा हवेत कधी छाटायचं आणि कधी खुडायचं हे ज्याला कळतं, त्याचीच बाग फुलते.

गुलाबाचंच घ्या. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या मध्याला त्याची छाटणी होते. फांदी नुसती आखूड करायची नसते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधून त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. तिथून साधारण दीड महिन्याने पहिला बहर. छाटणी लांबली की बहर कडाक्याच्या थंडीत सापडतो आणि कळ्या उमलायला रेंगाळतात. नवी रोपं करायची ती डोळा भरून: खुंटाच्या सालीला इंग्रजी 'टी'सारखी चीर द्यायची, तिच्यात हव्या त्या जातीचा डोळा सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा.

या गुलाबांमागे एक नाव ठसठशीतपणे उभं आहे: डॉ. बेंजामिन पिअरी पाल. शिक्षण केंब्रिजचं, पेशा गव्हाच्या पैदाशीचा. 1933 मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत आले. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1934च्या भूकंपात संस्थेची इमारत कोसळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला हलली. गाव मागे राहिलं, नाव सोबत आलं. दिल्लीकर या परिसराला आजही 'पुसा'च म्हणतात. पाल 1950 मध्ये या संस्थेचे संचालक झाले आणि 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. एवढ्या व्यापातही त्यांनी गुलाबांचे संकर केले. 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', 'डॉ. होमी भाभा' या त्यांच्याच जाती. 1966 मध्ये त्यांचं 'द रोझ इन इंडिया' प्रसिद्ध झालं.

गेंद्याची गोष्टही पुसातूनच जाते. हे फूल मूळचं मेक्सिकोचं, पण आज आपलं तोरण त्याच्यावाचून पुरं होत नाही. महाराष्ट्रात झेंडूचा भाव दसऱ्याला चढतो, दिल्लीत खरी झुंबड दिवाळीला. पूर्व दिल्लीतल्या गाझीपूरच्या फूलमंडीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. 1995 मध्ये पुसाने 'पुसा नारंगी गेंदा' आणि 'पुसा बसंती गेंदा' या दोन जाती दिल्या. नारंगी ही 'क्रॅकर जॅक' आणि 'गोल्डन ज्युबिली' यांच्या संकरातली. पेरणीपासून फुलायला तिला चार महिन्यांवर वेळ लागतो, त्यामुळे सप्टेंबरात पेरली की ती दिवाळीला नव्हे, फेब्रुवारीत रंगात येते.

गुलदाऊदीचं गणित अंधाराचं. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला छाट कलमं लावायची, शेंडे खुडून झाड भरगच्च करायचं आणि दिवस लहान होण्याची वाट बघायची. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली असली तर झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही. प्रदर्शनासाठी वाढवणारे तर एका फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या काढून टाकतात. म्हणून डिसेंबरातल्या प्रदर्शनांत एकेक फूल ताटलीएवढं दिसतं.

माळ्याला न जुमानणारा 'ग' एकच, गुलमोहर. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष बाकी बागेने मान टाकली असताना मे महिन्यात पेटतो. लाकूड मात्र ठिसूळ. आंधी आली की फांद्या रस्त्यावर. दक्षिण दिल्लीत पत्रकारांसाठी वसलेल्या वसाहतीचं नावच गुलमोहर पार्क आहे.

या साऱ्या वेळापत्रकाचा एकत्रित निकाल बघायचा तर राष्ट्रपती भवनाच्या बागेत जावं. आराखडा एडविन लटयन्सचा. 1928-29 च्या सुमारास लागवड झाली ती उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांच्या देखरेखीखाली. 15 एकरांचं हे मुघल गार्डन जानेवारी 2023 पासून अमृत उद्यान झालं. सर्वसामान्यांसाठी ते मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं, कारण ऑक्टोबरची छाटणी आणि सप्टेंबरची पेरणी या दोन्हींची फळं तेव्हा एकदम हाती येतात.

याच राष्ट्रपती भवनाच्या आवारात, धान्यटंचाईच्या काळात, तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी गहू पेरला होता. 'ग'च्या यादीत फूल नसलेला हा एक मानकरी घ्यायलाच हवा. गव्हावर पडणाऱ्या तांबेरा रोगाच्या तिन्ही प्रकारांना तोंड देणारा 'एनपी 809' हा गहू 1954 मध्ये आला, तो पालांच्याच कामातून. गहू असो की गुलाब, रीत तीच: मादी म्हणून निवडलेल्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्याचे पराग लावायचे, बी धरू द्यायचं आणि शेकडो रोपांतून एखादंच ठेवायचं. धान्याच्या पैदाशीत मुरलेला हात फुलांकडे वळला, हे दिल्लीच्या बागेचं भाग्य. दिल्लीच्या गुलाबाचं कौतुक करताना मुघलांचं आणि लटयन्सचं नाव निघतंच; त्या पंक्तीत पुसाच्या या गहूवाल्याचंही पान मांडायला हवं.