सात्या : वाळवीच्या शेतातलं पीक

पोळ्याच्या आगेमागे गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसाकडच्या बाजारांत पळसाच्या पानांवर सात्यांचे, म्हणजे रानातल्या अळंब्यांचे, वाटे लागतात. त्यातली एक सात्या हातात घेऊन बघा. पांढुरकी छत्री, मधोमध टोकदार उंचवटा आणि देठाखाली मुळासारखी लांबच लांब शेपटी, तिला चिकटलेली ओली माती.

ही शेपटी जमिनीखाली एका शेतात पोचलेली असते. ते शेत वाळवीचं. गवत, पालापाचोळा, लाकूड वाळवी खाते, पण त्यातला चिवट भाग तिला एकटीला नीट पचत नाही. म्हणून अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचून त्यावर ती 'टर्मिटोमायसिस' ही बुरशी वाढवते. बुरशी तो चिवटपणा फोडते आणि तिच्या खसखशीएवढ्या पांढऱ्या गाठी वाळवीच्या पोटात जातात. माणूस शेती करायला लागून १०-१२ हजार वर्षं झाली. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. पाऊस मातीत मुरला की हीच बुरशी छत्री वर धाडते. तो टोकदार उंचवटा माती फोडायच्या कामाचा.

मात्र प्रत्येक पांढरी छत्री सात्या नव्हे. अंगणात, कुरणात उगवणारी क्लोरोफायलम ही अळंबी खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमानिटाच्या काही जाती त्याहून घातकी. त्रास ६ तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, मध्येच बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. हे विष शिजवून जात नाही. शिजवताना टाकलेला लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडलं तरच अळंबी विषारी, ही समजूत साफ खोटी आहे. जाणत्या माणसानं ओळखलेलीच सात्या खावी. शंका आली तर उरलेला तुकडा घेऊन तडक दवाखाना गाठावा.

धानाच्या तणसावर धिंगरी अळंबी घरात पिकते, सात्या नाही. तिला जिवंत वारूळच लागतं. गोव्यात वारुळावरच्या रोण अळंब्यांची अतोनात तोड होते, असं अभ्यासक कळवळून सांगत आलेत, ते याचसाठी.

"वारूळ फोडाचं नाई बापा, फोडलं का पुढच्या साली सात्या नाई," रानात एका मावशीनं मला बजावलं. मग तिनं देठ हलकेच फिरवत उपसला, भोकावर पायानं माती सारली आणि पुढच्या वारुळाकडे निघाली.