काट्याभोवतीचं कुंपण

पऱ्हाटीच्या वावरात बाभळीचा काटा तळव्यात मोडला आणि टोक आतच राहिलं, तर आमच्या जळगाव जामोदकडची माणसं चार दिवस लंगडतात, मग विसरून जातात. आत मात्र काम चालू असतं. जे पचवता येत नाही आणि बाहेरही ढकलता येत नाही, त्याच्याभोवती शरीर चिवट तंतूंचं कुंपण घालतं. कर्करोगात स्तन गमावलेल्या बाईच्या छातीत डॉक्टर इम्प्लांट बसवतात, तेव्हाही नेमकं हेच होतं. काही आठवड्यांत त्याच्याभोवती पातळ पडदा तयार होतो. शरीर त्याला घरातलं मानत नाही. मधे धुरा ठेवून शेजारी राहू देतं.

पुढचं सगळं या धुऱ्यावर अवलंबून. कुणाचा पडदा वर्षानुवर्षं मऊ राहतो, कुणाचा आवळत जातो. मग स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखतं. किरणोपचार झालेल्या बायकांना हा त्रास जास्त.

इम्प्लांटचं कवच सिलिकॉनचं. आत मिठाचं पाणी असतं, नाहीतर सिलिकॉनचंच जेल. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं, खाऱ्या पाण्याचं नाव काढलं तरी कपाळाला आठी पडते. पण हे पाणी सलाइनच्या बाटलीतलंच, लिटरला 9 ग्रॅम मीठ. कवच फाटलं की शरीर ते शोषून घेतं आणि स्तन बसतो, लपवाछपवी नाही. जेलचं तसं नाही. कवच फाटलं तरी भोवतालचं कुंपण जेलला जागच्या जागी धरून ठेवतं. हाताला कळत नाही, आरशात दिसत नाही. एमआरआयमध्ये मात्र जेलमध्ये कोसळलेल्या कवचाच्या वळ्या दिसतात. डॉक्टरांनी या खुणेला एका इटालियन शेवईचं नाव दिलंय! आपल्याकडे कुणी ती आधी पाहिली असती, तर सरळ शेवयाच म्हटलं असतं.

जेलचं पहिलं इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे यांना बसवलं. बाई गेल्या होत्या गोंदण काढायला. त्यांच्याआधी मान होता एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीचा. आणि हे इम्प्लांट घडवणाऱ्यांतले डॉ. फ्रँक जेरो यांना त्याची कल्पना सुचली म्हणे रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबून पाहताना. पन्नास वर्षांनी, 2012 मध्येही टिमीबाईंची इम्प्लांट त्यांच्या छातीतच होती.

त्यावरून हिशेब मात्र मांडू नये. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, असं अमेरिकेचं औषध प्रशासन स्वच्छ सांगतं. नुसत्या आकारासाठी बसवून घेणाऱ्यांतही पाचांतल्या एकीवर 8 ते 10 वर्षांत ते काढायची वेळ येऊ शकते. कर्करोगानंतर बसवलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त. कुणाचं किती टिकेल, हे पाऊसपाण्याचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीतही निघायचं नाही.

म्हणून काही दुखत नसतानाच बघायचं. जेलचं इम्प्लांट असेल तर 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर 2-3 वर्षांनी. मॅमोग्राफीला गेलात तर यंत्रावरच्या बाईंना आधीच सांगा. इम्प्लांट बाजूला सारून वेगळे फोटो घ्यावे लागतात. आणि सगळं ठीक असताना, कित्येक वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, तर थांबू नका. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात क्वचित लिम्फोमा हा कर्करोग उद्भवतो. अॅलर्गन कंपनीची अशी इम्प्लांट 2019 मध्ये जगभरातून परत मागवली गेली, ती याच कारणानं.

आपल्याकडची बाई शस्त्रक्रियेला अकोल्याला जाते, नाहीतर थेट परळच्या टाटा रुग्णालयात. दहा वर्षांनी तेच डॉक्टर भेटतीलच असं नाही. शस्त्रक्रियेनंतर कंपनी, आकार आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, आणि सातबारा ठेवता त्याच पिशवीत ठेवा.