दक्षिणेकडे तोंड केलेल्या छत्र्या

गच्चीवरून आसपासच्या इमारतींकडे पाहा. टीव्हीच्या बहुतेक सगळ्या छत्र्या दक्षिणेकडे, जराशा पूर्वेला कललेल्या दिसतील. विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच एक फेरी पुरी करतो. त्यामुळे तो जागचा हलत नाही असं आपल्याला वाटतं, आणि एकदा रोखलेली छत्री पुन्हा फिरवावी लागत नाही. ही सोय आपल्या पदरात पडली ती 1975 ते 1983 या आठ वर्षांत, पुष्कळ धडपडीनंतर.

सुरुवात उसनवारीने झाली. नासाचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला. तो सरकवत 35 अंश पूर्व रेखांशावर आणला गेला आणि 1 ऑगस्ट 1975 पासून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही दिसू लागला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण ‘साइट’ नावाच्या या प्रयोगाची सूत्रं कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस सांभाळत होते. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री, वीज नसेल तिथे बॅटरीवरचा संच, आणि संध्याकाळी शेती-आरोग्याचे कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू, उडिया अशा चार भाषांत. कोलंबोत आर्थर क्लार्कच्या घरीही आपल्या अभियंत्यांनी एक छत्री बसवून दिली. असे उपग्रह दळणवळणाला वापरता येतील, हे 1945 साली लिहिणारा हाच गृहस्थ! 31 जुलै 1976 रोजी मुदत संपली आणि उपग्रह परत गेला.

मग ‘ॲपल’. युरोपच्या एरियान रॉकेटच्या चाचणी-उड्डाणात फुकट जागा मिळाली म्हणून बंगळुरात तयार झालेला हा उपग्रह 19 जून 1981 रोजी गेला. बैलगाडीवर ठेवलेल्या ॲपलचं छायाचित्र आपल्या गरिबीचा नमुना म्हणून अजून फिरतं. मला त्याची चीड येते. अँटेनाच्या चाचणीत वाहनाच्या धातूचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी आणली होती. डोकं चालवल्याचा तो पुरावा आहे. वर गेल्यावर ॲपलचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरीही त्याच्याकडून दोन वर्षांहून अधिक काळ काम करून घेतलं.

इन्सॅट-1ए अमेरिकेत बनला, एप्रिल 1982 मध्ये गेला आणि सप्टेंबरात निकामी झाला. 15 ऑगस्टला दूरदर्शन रंगीत होऊन महिनाही उलटला नव्हता. त्याचा जुळा भाऊ इन्सॅट-1बी 30 ऑगस्ट 1983 रोजी चॅलेंजर यानातून गेला. त्याचाही सौरपंख अडकला होता, पण खटपटीअंती सप्टेंबरात उघडला. फोन, टीव्ही आणि बातम्यांत दिसणारी ढगांची चित्रं, सगळा भार त्याने कित्येक वर्षं वाहिला.

1984 मध्ये तर देशात जवळजवळ दिवसाला एक अशा वेगाने टीव्हीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. उपग्रह आता आपला होता. पण रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून, हिंदी आणि इंग्रजीत यायचा. ‘साइट’ची चार भाषांतली संध्याकाळ त्यात हरवली, आणि माझ्या मते या आठ वर्षांतलं तेच सर्वांत मोठं नुकसान.